वाचक विचारतात: चर्चच्या लोगोतलं कमळ काढायचं का?

गेल्या अंकात पतसंस्था, शाळा आणि देवस्थान ट्रस्ट यांच्या लोगोंवर लिहिलं होतं, त्यावर सगळ्यात जास्त मेल आणि व्हॉट्सॲप आले ते ख्रिस्ती वाचकांचे. नगर, वसई, पुणे आणि एक तर थेट टेक्सासहून. म्हणून या वेळचं सदर सगळं चर्चच्या लोगोवरच. मी स्वतः चर्चला जाणारी नाही, डिझाइन शिकवते, त्यामुळे धर्मशास्त्राचं काही विचारलंत तर तुमच्या पाळकांकडे किंवा फादरांकडे पाठवीन. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं हे मी सांगू शकते, आणि निम्मे प्रश्न तेच आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आमची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, नगर जिल्ह्यातली. चर्चच्या इमारतीला शंभर वर्षं होतायत म्हणून कमिटीने नवीन लोगो करायला घेतलाय, फ्लेक्स, पावतीपुस्तक, टीशर्ट सगळीकडे येणार. तरुण संघातली मुलं म्हणतात कमळ नको, कारण नाताळच्या मिरवणुकीत बॅनरवरचं कमळ बघून बाजारात लोकांनी विचारलं, काय, यंदा तुम्ही पण पक्षात का. दुसरीकडे एक काका म्हणतात कमळ म्हणजे लक्ष्मीचं आसन, ते आधीच काढायला पाहिजे होतं. आणि जुनी मंडळी म्हणतात कमळाला हात लावाल तर बघा. मी सेक्रेटरी, मधल्यामध्ये माझं मरण. काय करू?

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, आधी तारखा बघू, कारण भांडणात तारखा कामाला येतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० ला, तेही आपल्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन. त्याच्या चिन्हात कमळ, क्रूस, प्रभूभोजनाचा प्याला आणि ऐक्य, साक्ष, सेवा हे तीन शब्द. त्याच्याही आधी दक्षिणेतलं चर्च, सीएसआय म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडिया, २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासला झालं, त्यांच्याही चिन्हात कमळ आणि क्रूस, सोबत 'त्या सर्वांनी एक व्हावे' हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन. भाजपची स्थापना ६ एप्रिल १९८० ची. म्हणजे कमळ चर्चकडे आधी आलं, पक्षाकडे नंतर. आणि खरं तर त्याहीपेक्षा कितीतरी आधी, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर जो दगडी क्रूस आहे ना, पहलवी ही जुनी इराणी लिपी कोरलेला, पोर्तुगीजांना १५४७ ला सापडला, त्याच्या पायाशी कमळाच्या पाकळ्या आहेत आणि तो हजार वर्षांहून जुना आहे. तशा धाटणीचा एक क्रूस आपल्या गोव्यातही आगशीजवळ सापडलाय.

आता काकांचं. कमळावर लक्ष्मी बसते, सरस्वती बसते, बुद्ध बसतो, ते देशाचं राष्ट्रीय फूलही आहे, म्हणजे त्याचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तुकोबांचा अभंग घेतला, आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः म्हणायचे, त्यांचे अभंग तुमच्या उपासनेत काका स्वतः टाळ्या वाजवून म्हणत असतील, मग एकट्या कमळाने काय घोडं मारलंय.

पण हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही कमिटीला सांगाल, बाजारातल्या माणसाला कोण सांगणार? लोगोची खरी गोची इथे आहे. आतल्या माणसाला त्यात नागपूर दिसतं, ऐक्य दिसतं, आजोबांचा बाप्तिस्मा दिसतो आणि बाहेरच्याला गेल्या निवडणुकीतलं बटण दिसतं, आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत. चिन्हात अर्थ आपण भरून ठेवला म्हणजे तो समोरच्याला मिळतोच असं नाही, तो त्याच्याकडे आहे तोच अर्थ काढणार. मुलांवर त्यामुळे चिडू नका, ती बाजारात उभी होती, जुनी मंडळी चर्चच्या आत होती.

माझा सल्ला असा. सीएनआयचं चिन्ह तुमच्या एका मंडळीचं नाही, अख्ख्या चर्चचं आहे, त्यातलं कमळ एका कमिटीने कापून टाकणं मला तरी बरोबर वाटत नाही, डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या ऑफिसला विचारल्याशिवाय तर नाहीच. ते लेटरहेडवर, दाखल्यांवर, पाटीवर जसंच्या तसं राहू दे. शताब्दीसाठी मात्र वेगळं चित्र करा, तुमच्या इमारतीतलंच काहीतरी घ्या, घंटेचा मनोरा असेल, कमान असेल, दगडी भिंत असेल, जे गावातल्या बिगरख्रिस्ती माणसालाही ओळखू येतं की हे त्या चर्चचं. आणि मिरवणुकीच्या त्या बॅनरचा फोटो मला पाठवाच, कारण मला दाट शंका आहे की दोष कमळाचा नसून छपाईचा आहे. चिन्ह लहान करून फ्लेक्सच्या कोपऱ्यात टाकलं की बारीक क्रूस आणि प्याला गायब होतो, उरतात फक्त पाकळ्या, मग लोक काय ओळखणार? छापण्याआधी चर्चशी संबंध नसलेल्या लोकांना, चहावाला, मोबाइल दुकानवाला, शाळेतली पोरं, रस्त्याच्या पलीकडून दाखवा आणि एवढंच विचारा की हे कशाचं आहे. सुचवायचं काही नाही, मान डोलवायची नाही, फक्त उत्तर लिहून घ्यायचं.

प्रश्न: आमचा डिझायनर म्हणतो लोगो गोल पाहिजे, गोलाने प्रेमळपणा वाटतो, टोकदार आकाराने लोक दुरावतात. हे खरंच असतं का थापा?

उत्तर: अर्धं खरं. २०१६ मध्ये एका मार्केटिंगच्या संशोधनात लोकांना एकाच बुटाची जाहिरात दाखवली, काहींना गोलसर लोगोसकट, काहींना टोकदार लोगोसकट, तर गोलवाल्यांना बूट जास्त आरामदायी वाटले आणि टोकदारवाल्यांना जास्त टिकाऊ. म्हणजे टोकदार वाईट असं नाही निघालं, टिकाऊ निघालं, हे डिझायनर लोक सांगायचं विसरतात. शिवाय क्रूस हाच मुळात चार टोकांचा आकार आहे, तो गोलात बसवा नाहीतर चौकोनात. आणि सवय आकारापेक्षा भारी पडते, रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांसमोर आली तरी माणसाला ती आवडायला लागते. त्यामुळे दर दोन वर्षांनी लोगो बदलणाऱ्या चर्चला गोल पण वाचवणार नाही.

प्रश्न: ताई, मी मूळची पुण्याची, आता डॅलसजवळ असते, आम्ही इथे मेथडिस्ट चर्चला जातो. आमच्या चर्चने मतदान करून मोठ्या संघटनेतून बाहेर पडायचं ठरवलं. पाटीवरचा क्रूस आणि त्याच्या बाजूची लाल ज्वाला काढली त्या दिवशी माझ्या सासूबाई रडल्या, म्हणजे मतदानाला नाही रडल्या, पाटी काढताना रडल्या. आणि माझी मुलगी म्हणते बरं झालं, तिच्या एका ब्लॅक मैत्रिणीला तो लोगो बघून धस्स व्हायचं. एका चित्रात इतका फरक कसा काय?

उत्तर: सगळ्यात जास्त वेळ मी तुमच्या पत्रावर घालवला. तुम्ही ज्या गावाजवळ राहता तिथेच या लोगोची सुरुवात आहे. २३ एप्रिल १९६८ ला डॅलसमध्ये मेथडिस्ट चर्च आणि इव्हँजेलिकल युनायटेड ब्रदरेन ही दोन चर्चेस एक झाली आणि युनायटेड मेथडिस्ट चर्च तयार झालं, ज्वालेच्या दोन जिभा म्हणजे ती दोन चर्चेस. ज्वाला पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर उतरलेल्या पवित्र आत्म्याची पण, आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ ला लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत आपलं काळीज वेगळ्याच उबेने भरून आल्यासारखं वाटलं होतं, ती ऊब पण. एडवर्ड मिकुला नावाच्या कलाकाराने काढलेलं हे चित्र, डिझाइन म्हणून बघितलं तर एकदम पक्कं काम आहे, दोन रंग, एक सरळ रेघ, एक वळणदार, लांबून कळतं, शिक्क्यावर कळतं, काचेवर कळतं.

आता मैत्रिणीच्या बाजूने बघा. १९१५ साली जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची वर्णद्वेषी संघटना पुन्हा उभी राहिली आणि तिथे त्यांनी क्रूस पेटवला. जुन्या क्लॅनमध्ये ही पद्धत नव्हती, ती एका कादंबरीतून आणि त्यावरच्या सिनेमातून उचलली होती. त्यानंतर कित्येक दशकं काळ्या कुटुंबाच्या अंगणात रात्री जळता क्रूस उभा करणं म्हणजे सरळ धमकी, घर सोडा नाहीतर मराल. ज्या घरात आजीने हे डोळ्यांनी बघितलंय त्या घरातल्या मुलीला क्रूस आणि त्याला लागून लाल ज्वाला दिसली तर ती वेस्लींचं काळीज आठवेल की आजीचं अंगण? आणि साल बघा, १९६८, त्याच एप्रिलच्या ४ तारखेला मार्टिन ल्युथर किंग यांचा मेम्फिसला खून झालेला. काळ्या मेथडिस्टांसाठी वर्णावरून वेगळा काढलेला विभाग १९३९ पासून होता, तो त्या एकत्रीकरणातच बंद झाला, म्हणजे विषय सगळ्यांच्या डोक्यात ताजा असणार, तरी चित्र हे निवडलं गेलं. चित्र काढणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, यावर मला अजिबात शंका नाही, पण मनात काय होतं हे पाटीवर छापून येत नाही ना. तुमच्याच भागातल्या, नॉर्थ टेक्सासच्या कॉन्फरन्सने, म्हणजे त्या भागातल्या मेथडिस्ट चर्चेसच्या संघटनेने, २०२० मध्ये हा लोगो बदलण्याची प्रक्रिया सुरू करावी असा ठराव केला, काळ्या पाळकांनी उघडपणे लिहिल्यानंतर. आणि मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की बोलणारे चर्चच्या आतले होते, आयुष्यभर तीच ज्वाला छातीवर लावून सेवा केलेले.

सासूबाईंचं रडणंही तितकंच खरं. २०१९ ते २०२३ मध्ये समलैंगिक लग्नं आणि पाळकपदाच्या वादावरून अमेरिकेतली साडेसात हजारांहून जास्त मेथडिस्ट चर्चेस संघटनेतून बाहेर पडली आणि जाताना नाव आणि ही ज्वाला मागे ठेवावी लागली, इमारत तीच, बाकं तीच, माणसं तीच, फक्त चिन्ह गेलं. मतदान म्हणजे हात वर करणं, ते डोक्याने होतं. चिन्ह लग्नाच्या पत्रिकेवर असतं, नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असतं, नवऱ्याच्या अंत्यविधीच्या कागदावर असतं. ते उतरवलं तेव्हा काय काय उतरलं ते त्यांनाच माहीत, त्यांना समजवायला जाऊ नका, जुना एखादा कागद फ्रेम करून द्या. मला विचारलंत तर मी तो लोगो बदलला असता, ज्वाला ठेवली असती पण क्रूसापासून सोडवून, शिष्यांच्या डोक्यावरच्या ज्वालांसारखी वेगळी, म्हणजे अर्थ राहिला असता आणि जळता क्रूस दिसला नसता. पण मी पुण्यात बसून बोलतेय, मला काय जातंय.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, नगरचा आहे. मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मीची, लाल ढाल दिसली की मला चर्च आठवतच नाही, त्यांचं इथलं बूथ हॉस्पिटल आठवतं. मग हा लोगो फेल म्हणायचा का?

उत्तर: उलट, मला तर याहून पास झालेला लोगो माहीत नाही. मुक्तिफौजेचं मूळ चिन्ह वेगळं आहे, १८७८ च्या आसपासचं, त्यात मुकुट, क्रूस, एकमेकांवर ठेवलेल्या दोन तलवारी, गोळ्यांसारखे सात ठिपके आणि वर 'रक्त आणि अग्नी' असं ब्रीद. आतल्यांना माहीत असतं की रक्त ख्रिस्ताचं आणि अग्नी पवित्र आत्म्याचा, पण ओळख नसलेल्या माणसाने वाचलं तर तो दोन पावलं मागेच सरकेल. साधी लाल ढाल, आत नुसतं नाव, ही लोकांमधल्या कामासाठी. १८८२ मध्ये मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर मुंबईत उतरले, भगवे कपडे, अनवाणी पाय, फकीर सिंग असं नाव घेतलं, म्हणजे समोरच्याला आपण कसे दिसतो याचा विचार ही मंडळी तेव्हापासून करतायत. तुमच्या डोक्यात त्या ढालीचा अर्थ ढालीने नाही भरला, हॉस्पिटलने भरला, कोविडच्या पहिल्या लाटेत तिथून बरे होऊन घरी गेलेल्यांनी भरला. तेच काम नसतं तर ती ढाल एखाद्या सिक्युरिटी एजन्सीची वाटली असती.

प्रश्न: वसईहून लिहितोय. आमच्याकडे दर ज्युबिलीला, दर मिशन रविवारला नवीन लोगो. २०२५ च्या ज्युबिलीचा, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षाचा, तर प्रत्येक बॅनरवर. धर्मग्रामाला, म्हणजे पॅरिशला, लोगो लागतोच कशाला, क्रूस पुरेसा नाही का?

उत्तर: तुमच्या वैतागाशी मी सहमत आहे, एकाच बॅनरवर डायोसिसचा, पॅरिशचा, वर्षाचा आणि प्रायोजक पतपेढीचा असे चार लोगो बघितलेत मी, डोळे कुठे ठेवायचे तेच कळत नाही. पण २०२५ वाल्याला नावं ठेवू नका, तो चांगला आहे. ४८ देशांतून आलेल्या २९४ चित्रांमधून शेवटच्या तीनपैकी ते स्वतः पोप फ्रान्सिस यांनी निवडलं, जाकोमो त्राविसानी यांचं. चार रंगांची चार माणसं एकमेकांना धरून उभी, पहिल्याने क्रूस धरलाय, खाली लाटा, आणि क्रूस वाकून त्यांच्याकडे झुकलाय, त्याचं खालचं टोक जहाजाचा नांगर झालंय. नांगर हे ख्रिस्ती लोकांचं फार जुनं चिन्ह, रोमच्या भुयारी दफनभूमीत कोरलेलं सापडतं, उघड उघड क्रूस रंगवायची प्रथा पडायच्या आधीचं. आता मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्याला नांगर म्हणजे आशा वगैरे समजावून सांगावं लागेल, पण वसईच्या किंवा उत्तनच्या कोळीवाड्यात, जिथे वादळात नांगर धरला का सुटला यावर माणूस घरी येणार का ते ठरतं, तिथे फादरांना प्रवचन अर्ध्यावर थांबवता येईल. एवढं आयतं चिन्ह मिळूनही तुमच्याकडे ते नुसतं डाउनलोड करून कोपऱ्यात चिकटवलं असेल, तर राग त्याचा धरा.

प्रश्न: आमच्या नवीन फेलोशिपच्या लोगोत येशूचा चेहराच टाकला तर? लोकांना लगेच जवळचं वाटेल.

उत्तर: कुठला चेहरा? तुमच्या डोक्यात बहुतेक लांब सोनेरी-तपकिरी केसांचा, एका बाजूला बघणारा चेहरा असणार, तो वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० मध्ये रंगवला आणि कोट्यवधी प्रतींनी जगभर गेला, आपल्याकडे कॅलेंडरवरून घराघरात. एक गोवेकर, अँजेलो दा फोन्सेका, १९०२ चा जन्म, त्याने मरियेला साडी नेसवली, ख्रिस्त भारतीय रंगवला, तर गोव्यात लोक इतके बिथरले की तो पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि शेवटपर्यंत तिथेच रंगवत बसला. आज त्याच चित्रांसाठी गोव्यात लोक मुद्दाम जातात. म्हणजे चेहरा आला की वाद आला, कुणाचा वर्ण, कुणाचं नाक. मॉर्मन चर्चने २०२० मध्ये ख्रिस्ताची आकृती लोगोत आणली, पण त्यांनी चेहरा नाही घेतला, कोपनहेगनमधला शिल्पकार थोरवाल्डसेनचा अख्खा पुतळा घेतला, हात पसरलेला, कमानीखाली उभा. ती मंडळी चर्चवर क्रूस लावत नाहीत आणि तुम्ही ख्रिस्ती आहात तरी का असं त्यांना सारखं विचारलं जातं, त्यामुळे त्यांना त्याची गरज होती. तुम्हाला ती अडचण नाहीये. शिवाय व्हॉट्सॲपच्या डीपीत नखाएवढा झाल्यावर कुठलाही दाढीवाला चेहरा कुठल्याही बाबांचा दिसतो.

प्रश्न: सफेद बॅकग्राउंडवर लाल क्रूस, सिंपल आणि स्ट्राँग, कसा वाटतो? प्रिंटरकडे उद्या द्यायचाय.

उत्तर: देऊ नका, थांबवा. पांढऱ्यावर लाल क्रूस हे रेड क्रॉसचं चिन्ह आहे, जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा १९६० प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, डॉक्टरांना पण नाही, गाडीवर बिनधास्त लावून फिरतात ती गोष्ट वेगळी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोक आत येऊन बीपी तपासायला मागतील. जांभळा करा, तपकिरी करा, क्रूसाचा खालचा दांडा लांब करा, आणि फाइल प्रिंटरला द्यायच्या आधी मला एकदा पाठवा.